मालूचं तांबडं

टक्.

भर दुपारची वेळ होती. माग थांबला होता, पाळण्यातलं मूल झोपलं होतं, आणि त्या शांततेत एवढासाच आवाज झाला, वाळकी काडी मोडल्यासारखा. मालुबाईचा हात जागच्या जागी थांबला. तिच्यापुढं पाटावर बसलेल्या लगमूनं मान न वळवता विचारलं, "काय मोडलं गं आई?"

मोडला होता माझा दात.

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. मला दोन्ही बाजूंना दात आहेत. एका बाजूचे जाड, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूचे बारीक, उवा-लिखा काढायला. जाड बाजूला आता मधोमध खिंड पडली आहे. अंग जुन्या विटेसारखं तांबडं झालं आहे. माझा जन्माचा रंग पिवळा, हे सांगून कुणाला पटणार नाही. माझ्या एकटीचं असं झालं असतं तर मी बोललेही नसते. लाकडाला कुठलाही रंग सारखाच. पण ज्या डोक्यावरनं हा रंग माझ्या अंगाला लागला, त्या डोक्याची गोष्ट या घरात आता कुणी काढत नाही. म्हणून मीच सांगते.

खानापूरच्या रानात हेद नावाचं झाड असतं. त्याचं लाकूड हळदीसारखं पिवळं आणि गुळगुळीत. त्या लाकडातून मला एका म्हाताऱ्या कारागिरानं काढलं. बारीक करवतीनं तो एकेक दात कापायचा आणि कापून झाला की फणी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरनं फिरवायचा. ओरखडा उठला तर पुन्हा घासायला घ्यायचा. "लेकराच्या डोसक्याला लागंल," एवढंच म्हणायचा. माझ्या कामाविषयी मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पुढं मला करंजाच्या तेलात बुडवून सावलीत ठेवलं, आणि एका शनिवारी बेळगावच्या बाजारात इतर फण्यांबरोबर सुतळीत ओवून टांगलं.

कडोलीच्या एका बाईनं मला हातात घेतलं, गालावर टेकवून पाहिलं आणि लेकीच्या लग्नाच्या पेटीत आरसा आणि कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं. ती लेक म्हणजे मालुबाई. तिच्याबरोबर मी वडगावला आले.

वडगावात आमच्या गल्लीत दारोदारी माग होते. सकाळी एका घरातला धोटा चालू झाला की त्याचं ऐकून दुसऱ्या घरातला चालू व्हायचा. मालूचा नवरा परशराम पातळं विणायचा. अंगाला सूत, काठाला रेशीम. तो बोलायचा कमी. त्याची आई यशोदाबाई दोघांच्या वाटचं बोलायची. मालू तिला आत्ती म्हणायची, तिकडं सासूला तसंच म्हणतात. आणि रंगवायचं काम मालूचं. परसात तीन दगडांवर हंडा चढायचा. हंड्याला आधी हळदकुंकू, मग रंगाची पूड, मग तुरटी, तुरटीमागनं चिंचेचं पाणी. तुरटीनं रंग धरतो आणि चिंचेनं बसतो, असं ती म्हणायची. तिनं रंगवलेला काठ बायका दुकानात ओल्या बोटानं चोळून बघायच्या. बोट कोरडंच राहायचं. "मालूचं तांबडं हाय ते, सुटायचं न्हाय," असं दुकानदारच सांगायचा, आणि हे ऐकून आलेला परशराम त्या दिवशी दोन शब्द जास्त बोलायचा.

घरात आणखी एक विद्या होती. सुताची एखादी लड डागाळली, रंग कुठं गडद कुठं फिका बसला, तर ती फेकायची नाही. धुण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी पाण्यात घालून उकळायची. लड पुन्हा पांढरी होऊन बाहेर यायची. "घातला तर बसला पायजे नि काढला तर निघाला पायजे," यशोदाबाई म्हणायची. हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो.

माझे चांगले दिवस संध्याकाळचे होते. लगमू झाली, तिला जावळाच्या जागी खरे केस आले, आणि मला खरं काम मिळालं. तिचं पाळण्यातलं नाव लक्ष्मी, पण सगळे लगमू म्हणायचे. मालू उंबऱ्यात बसायची, लेकीला दोन गुडघ्यांत धरायची आणि मला टोकाकडनं फिरवायची. आधी टोकं, मग मध्य, शेवटी मूळ. मुळातनं टोकाकडं ओढलं तर लेकरू रडतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लगमूचे केस बारीक आणि काळे. उन्हात टोकांना जरा भुरके दिसायचे. मला तेल मिळायचं, लेकीच्या मानेची ऊब मिळायची. कधी कधी मालू विंचरून झाल्यावरही उगीच दोनदा फिरवायची. ते गुंत्यासाठी नसायचं.

लगमू सातेक वर्षांची असताना तिला भाऊ झाला, शामू. त्याच्या आधीचे दोन मुलगे जगले नव्हते. तिसऱ्या वेळी यशोदाबाईनं डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता, की नातू हातापायानं धड जन्मला तर येऊन तुला पातळ नेसवीन. नातू झाला. पातळ मागावर चढलंही. पण ते दुकानात गेलं, त्यानंतरचंही गेलं, आणि डोंगराची वाट राहून गेली.

त्याच मार्गशीर्षात कडोलीला मालूच्या भावाचं, रवळूचं लग्न ठरलं.

यशोदाबाईचे केस पांढरे होते. सणावाराच्या आधी ती लोखंडी कढईत मेंदी भिजवायची आणि डोक्याला थापून उन्हात बसायची. धुतले की केस पेटत्या निखाऱ्यासारखे व्हायचे. लग्नाच्या तयारीत ती अशी बसलेली असताना लगमू शेजारी जाऊन बसली. तिला आजीसारखं व्हायचं होतं. मालूनं हसत उरलेली मेंदी तिच्याही डोक्याला लावली. दुपारी दोघींचे केस धुतले. आजीचे लाल झाले. लगमूचे काळेच राहिले. ती आरसा घेऊन दारात गेली, उन्हात गेली, मग रडायला लागली. "आजीचं लाल झालं. माझं का न्हाय?"

"तुझं आधी पिकू दे की," यशोदाबाई म्हणाली. "पिकल्याबिगार पोपटसुदीक पेरू खात न्हाय."

सगळे हसले. लगमू हसली नाही. आणि मालूला अर्धवट बसलेला रंग बघवत नसे. लडीचा असो की लेकीचा. दुसऱ्या दिवशी तिनं कढईतल्या मेंदीत काठाच्या रेशमाची तांबडी पूड चिमूटभर टाकली. मग तिचा हात सवयीनं पुढं गेला. तुरटी फिरवली. चिंचेचं पाणी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. रंग म्हटला की तो सुटता कामा नये, एवढंच त्या हातांना ठाऊक होतं.

लगमूचे केस असे झाले की उन्हात गेली की जास्वंद फुलल्यागत दिसायची. धुतल्यावर मालूनं मला फिरवलं तेव्हाच माझं पिवळं अंग पहिल्यांदा लालसर झालं.

कडोलीच्या मांडवात बायकांना चांगला विषय मिळाला. एक म्हणाली, मालू, लेकीला लुगड्यात गुंडाळून आणलीस व्हय, रंग डोसक्याला लागलाय. मालू म्हणाली, आमचा रंग कुणाला लागत न्हाय. दुसरी म्हणाली, ह्या पोरीला आंधारात शोधायला कंदील नको. लगमू वऱ्हाडात मिरवत होती. रवळूमामानं तिला उचलून घेतलं आणि म्हणाला, नवरीपरास हीच नटलीया. तो दिवस हसण्यात गेला. मी मालूच्या पिशवीत होते. एवढं हसणं मी नंतर ऐकलं नाही.

लग्नाहून आल्यावर शुक्रवारी जयाबाई दारात आली. ती जोगतीण होती. डोक्यावर परडी, गळ्यात कवड्यांची माळ, आणि कपाळापासून पाठीपर्यंत उतरलेली जट; केसांचा एकच दोर झालेला, हळदीनं पिवळा पडलेला. ती लहान असताना तिच्या डोक्यात जट निघाली, देवीनं बोलावलं असं लोक म्हणाले, आणि आईबापांनी तिला डोंगरावर नेऊन देवीला सोडलं. अशा पोरीचं लग्न होत नाही. तिला घर राहत नाही. सगळ्यांची दारं तेवढी असतात, बाहेरनं. जयाबाई कुणाला टाकून बोलायची नाही. मालूनं सुपातनं जोंधळे घातले. जयाबाईनं लगमूकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पोरीला हा रंग कुणी दिला, मालू?"

"मी दिला," मालू हसून म्हणाली. "रेशमाचा हाय."

जयाबाईही हसली. भंडारा लगमूच्या कपाळाला लावून निघून गेली. पण यशोदाबाई हसली नाही. न नेसवलेलं पातळ तिला त्या क्षणी आठवलं असावं, आणि हा रंग देवीनंच दिला असंही वाटलं असावं. ती लगमूच्या डोक्याकडं बघत राहिली. तिचं स्वतःचं डोकं तितकंच लाल होतं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

त्याच दिवशी मालूनं ठरवलं, बोलणं वाढायच्या आत रंग काढायचा.

शिकेकाईनं सुरुवात झाली. पाणी लाल झालं. मालूच्या चेहऱ्यावर उजेड आला. केस वाळले, तर तांबडे ते तांबडेच. मग रिठे फेसाळले. मग आंबट ताक आणि हरभऱ्याचं पीठ थापून ठेवलं. शेजारणीनं सांगितलं म्हणून चुलीतल्या राखेचं पाणी गाळून घेतलं. दर वेळी घंगाळातलं पाणी लाल व्हायचं आणि मालूला वाटायचं, निघाला. दर वेळी लगमू उन्हात जाऊन उभी राहायची, आणि केस पुन्हा तांबडेच दिसायचे. मी प्रत्येक धुण्यानंतर त्या केसांतून फिरत होते, म्हणून मला कळत होतं. केसांवरचा तेलकटपणा गेला. मऊपणा गेला. मी रेशमातनं फिरायची ती काथ्यातनं फिरल्यासारखी फिरायला लागले. माझ्या पोटात शब्द होते, पण फणीला तोंड नसतं, नुसते दात असतात.

शेवटी मालूनं आपली हुकमी विद्या काढली. सोडा आणि चुन्याची निवळी. लडीला घालतात त्याहून पातळ, कोमट. लगमू पाटावर डोळे घट्ट मिटून बसली.

"आई, झोंबतंय."

"आता जातंय बघ बाळ. आता जातंय." मालू एका हातानं पाणी घालत होती आणि वाकून तिच्या टाळूवर फुंकर मारत होती.

निघाला तो काळा. तांबडा राहिला. केसांचा जो मूळचा काळेपणा त्याखाली होता तो सोड्यानं ओरबाडून नेला, आणि रंग आणखीच भगभगीत वर आला. मालू खुळ्यासारखी बघत राहिली. सुताची कुठलीही लड या पाण्यातून पांढरी होऊन निघते. पण केस म्हणजे सूत नव्हे. केसाचं नातं रेशमाशी. रेशमाला जो रंग बसतो तो केसालाही तसाच बसतो. हे मला आयुष्यभर केसांत फिरून ठाऊक होतं. या घराला सूत ठाऊक होतं.

तिनं पुन्हा धुतलं. आणि पुन्हा. मानेवरचे केस एकमेकांना धरायला लागले. एका दुपारी ती गुंता सोडवायला बसली. त्या दिवशी तिनं टोकाकडनं सुरुवात केली नाही. तिला घाई झाली होती. वरनं खाली ओढलं, आणि टक् आवाज झाला.

"काय मोडलं गं आई?"

"काय न्हाय. फणीचा दात."

पण आत झोपलेली यशोदाबाई त्या आवाजानं उठून आली होती. तिनं लगमूची मान पुढं वाकवली आणि केस चाचपले. मानेवर लिंबाएवढी गाठ होती, घट्ट, लाल.

"जट हाय ही," ती म्हणाली.

"आत्ती, गुंता हाय. सोड्यानं झालाय. रंग मी घातलाय, माझ्या हातानं."

"रंग असता तर सोड्यानं निघाला असता की. तुझ्या हातनं कवा निघाला न्हाय असा रंग दाव मला." यशोदाबाई चिडून बोलत नव्हती, घाबरून बोलत होती. "निघत न्हाय म्हणजे रंग न्हवं तो. मी पातळ नेसवलं न्हाय, तिनं पोरीवर बोट ठेवलं."

घराच्या विद्येनंच तिला गप्प केलं होतं.

जयाबाईला बोलावलं. तिनं गाठ पाहिली, डोळे मिटून घेतले आणि भंडारा मागितला. जट निघाली की तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, असा रिवाज. लावली तर घरात कुणावर तरी उलटतं म्हणतात. लगमूच्या डोक्यावर हळद थापली गेली. मालू सोडून सगळे बाहेर गेल्यावर जयाबाईनं पाटावर पडलेल्या मला उचललं. माझ्या मोडक्या दातावरनं अंगठा फिरवला. मग मला आपल्या जटेशी नेलं, टेकवलं नाही, आणि परत ठेवलं.

"माझ्या आईकडं फणी नव्हती," ती मालूला म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्या वाक्यानं मालूला बळ आलं असावं. परशराम सूत आणायला बेळगावात गेला, यशोदाबाई देवळात गेली, तशी तिनं मागावरची सूत तोडायची कात्री उचलली. लगमूला म्हणाली, हलू नको. गाठीचा एक पदर कापला. दुसरा कापला. लाल केसांचा पुंजका तिच्या ओच्यात पडला. तेवढ्यात पाळण्यात शामू रडला. नेहमीसारखा नाही, किरकिरत, ओढून ओढून. मालूनं कात्री टाकून त्याला उचललं. अंग तापलेलं होतं.

दिवेलागणीपर्यंत तो डोळे उघडेनासा झाला. यशोदाबाईनं ओच्यातले केस पाहिले. ती ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "दोघं गेले तवा तुझी चूक नव्हती, मालू."

मित्रांनो, गल्लीत त्या आठवड्यात आणखीही पोरं तापानं निजली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या संध्याकाळी कुणालाच आठवलं नाही. मालू पाळण्याशी बसली होती. दोन मुलं जिच्या मांडीवर थंड झाली तिला तिसऱ्याचा तापलेला हात हातात धरून काय वाटत असेल, ते मला सांगता यायचं नाही. तिला रंगाची पूड आठवत होती. तुरटी, चिंच, कढई, सगळं आठवत होतं. ती परशरामाला म्हणाली, "मीच घातला हो. पण माझ्या हाताला तिनंच घालायला लावलं असंल तर?"

परशराम म्हणाला, "मालू, तू घातलास न्हवं?"

"व्हय."

"मग?"

शामूचा श्वास अडकल्यासारखा झाला, आणि ती उठून कोनाड्यातल्या देवीपुढं गेली. मी त्याच कोनाड्यात आरशामागं होते. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता.

"आई," ती म्हणाली, "ह्याला सोड. तिला घे."

लगमू मागं भिंतीशी बसली होती. तिनं ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

सकाळी शामूच्या अंगावर पुरळ उठलं. गोवर होता. गल्लीतल्या पोरांना होता तोच. ती सगळी बरी झाली, हाही झाला. पण शब्द तोंडातून गेला होता. मालू दोनदा सासूपाशी बोलायला गेली. यशोदाबाई लगमूच्या पाठीवरनं हात फिरवत रडत होती, आणि रडतच म्हणाली, "मी न्हाय बोलले. तू बोललीस. आता शब्द फिरवलास तर शामूवर फिरंल." परशराम मागावर जाऊन बसला. जट सोडून बाकीचं सगळं सरळ करता येतं असा त्याचा धोटा चालत होता.

माघातल्या पौर्णिमेला डोंगराकडं गाड्या निघतात. लगमूनं गाडीतनं जायचं, देवीपुढं तिला सोडायचं, आणि तिथनं तिनं जयाबाईबरोबर राहायचं, असं ठरलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मधे मोठी लढाई झाली, रंगाच्या पुड्या मिळेनाशा झाल्या, पुन्हा मिळायला लागल्या. आज गल्लीत पोरं कागदाचे झेंडे घेऊन पळताहेत, इंग्रज गेला म्हणून ओरडताहेत, त्यांत शामूही आहे. मालू अजून रंगवते. हिरवं करते, निळं करते. तांबडं पुन्हा केलं नाही. दुकानदारानं एकदा मागितलं तेव्हा म्हणाली, विसरले. मला तिनं टाकलं नाही आणि वापरलंही नाही. मी कोनाड्यातच आहे. माझ्या दातांत एक लाल केस अडकलेला आहे, तोही तिनं काढलेला नाही.

मित्रांनो, एका मोडक्या फणीचं तुमच्याकडं मागणं थोडं आहे. तुमच्या घरात धाकटी बहीण असेल, पुढं लेक होईल, तर तिचे केस टोकाकडनं विंचरा. गुंता झाला तर बोटांनी सोडवा, तेल लावून वाट बघा. गुंता हा गुंताच असतो. त्याला नाव देऊ नका. आणि नको तो रंग बसला तर घासू नका. केसाचा मूळ रंग पुडीत नसतो, सोड्यात नसतो. तो मुळाशी असतो आणि आपला आपण वर येतो. त्याला तेवढा वेळ द्यायचा असतो.

हे मला त्या शेवटच्या सकाळी कळलं.

गाडी दारात उभी होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आत येत होता. जटेला फणी लावायची नव्हती. पण कपाळावरचे केस मोकळे होते, आणि नवं परकर-पोलकं घातलेल्या लेकीला तसंच न विंचरता पाठवणं मालूला जमेना. तिनं मला कोनाड्यातून काढलं. लगमूला गुडघ्यांत धरलं. हळद बोटानं बाजूला केली आणि मला हळूच टाळूशी टेकवलं.

मला आधी कळलं, तिला नंतर दिसलं. मुळाशी मऊ लागलं. काथ्या नव्हता. माझे दात न अडकता घसरले, पूर्वीसारखे. हळदीखाली, तांबड्याच्या मुळाशी, बोटाच्या पेराएवढं काळं आलं होतं. दाट, चकचकीत काळं.

मालूचा हात थांबला. बाहेरनं यशोदाबाई हाक मारत होती, वेळ होतोय म्हणून. परशराम गाडीच्या जुवाशी उभा होता आणि आत बघत नव्हता.

लगमूनं कोनाड्यातला आरसा घेतला. मान वाकवून, डोळे वर करून पाहिलं. बोटानं ते काळं चाचपलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

"आई, बघ की. काळं यायलंय." मग आरसा खाली ठेवून तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. "समदं काळं झालं की मला माघारी आणायला येशील न्हवं?"